कर्डईचं फूल चिनी मातीच्या बशीवर: पोर्सेलिन पेंटिंग शिकण्याचा एक पक्का मार्ग

पोर्सेलिन पेंटिंगमध्ये बशीवर रंगवून ती भट्टीत भाजतात, पण घरातली प्रत्येक पांढरी बशी चिनी मातीची नसते. मराठवाड्यात लग्नात आहेर म्हणून येणारे पांढरे डिनर सेट बहुतेक ओपलवेअरचे, म्हणजे दुधी काचेचे असतात. रोजच्या नाश्त्याच्या प्लेट पुष्कळ घरांत मेलामाइनच्या असतात. मेलामाइन भट्टीत जळून धूर करतं. ओपलवेअर सहाशे-सातशे अंशांत मऊ पडून वाकतं आणि भट्टीच्या फळीला चिकटून बसतं. म्हणून रंग विकत घेण्याआधी बशी ओळखायला शिका.

बशी उलटी करून बुडाची कडी बघा. खऱ्या पोर्सेलिनच्या बुडावर झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली, बोटाला किंचित खरखरीत लागणारी एक कडा असते. ओपलवेअर सगळीकडून सारखंच गुळगुळीत असतं. त्या खरखरीत कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. तो तसाच राहिला तर पोर्सेलिन किंवा बोन चायना, चटकन शोषला गेला तर साधी, सच्छिद्र चिनी माती. साध्या मातीवरही रंगवता येतं, पण कमी तापमानाला आणि सावकाश. मोबाइलचा टॉर्च मागे धरल्यावर बोटाची सावली दिसणं ही आणखी एक खूण आहे, पण एकट्या तिच्यावर जाऊ नका, कारण दुधी काचेतूनही सावली दिसते.

कपाटातले जुने, वापरलेले कप टाळाच. झिलईला बारीक तडे असतील तर तेल-चहा आत मुरलेला असतो आणि भट्टीत तो काळ्या-करड्या ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. सरावाला भिंतीच्या पांढऱ्या चकचकीत टाइल सर्वांत स्वस्त, त्यांचे ४ × ४ इंचांचे तुकडे कापून घ्या. जमिनीची पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड टाइल मात्र नको.

रंग म्हणजे नेमकं काय

हे रंग म्हणजे धातूंच्या ऑक्साइडची पूड आणि तिच्यासोबत लवकर वितळणारी काचेची पूड, जिला फ्लक्स म्हणतात. झिलई करून आधीच १२००-१४०० अंशांना भाजलेल्या भांड्यावर हा रंग तेलात कालवून लावायचा आणि ७२० ते ८२० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजायचा. त्या उष्णतेला झिलई जेमतेम मऊ होते, फ्लक्स वितळतो आणि रंग तिच्यात धरला जातो. याला ऑनग्लेझ किंवा ओव्हरग्लेझ म्हणतात. देवगिरीच्या किल्ल्यावरचा चिनी महाल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कैदेत होता, त्याचं नाव भिंतीवरच्या निळ्या चकचकीत टाइलवरून पडलं. त्या टाइलचे तुकडे अजून उरले आहेत. तिथली झिलईच रंगीत आहे, आपलं काम पांढऱ्या झिलईच्या वर होतं. हा फरक लक्षात असला की दुकानात चुकीची पूड पदरात पडत नाही. मागताना ‘ऑनग्लेझ, पोर्सेलिनसाठी, लेड-फ्री (शिसं नसलेला)’ असं स्पष्ट सांगा. हॉबीच्या दुकानात मिळणारे, घरच्या ओव्हनमध्ये १५०-१६० अंशांना पक्के होणारे ‘पोर्सेलिन पेंट’ हा वेगळाच प्रकार आहे. ते वाईट नाहीत, पण घासणीखाली टिकत नाहीत आणि भट्टीत चालत नाहीत.

सुरुवातीला आठ रंग पुरतात: पिवळा, पिवळसर हिरवा, गडद हिरवा, कोबाल्ट निळा, जांभळट करडा, तपकिरी, काळा आणि लोखंडी लाल. पांढरा घेऊ नका. पांढरं ते बशीचंच. जलरंगात जशी कागदाची जागा सोडतात तशी इथे झिलई सोडायची. गुलाबी आणि माणिक रंग नंतर घ्या, ते सोन्यापासून बनतात आणि त्यामुळे महाग असतात. युरोपात, जर्मनीतल्या मायसेनचा पोर्सेलिनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला आणि १७२० मध्ये हेरोल्ट हा चित्रकार तिथे आल्यावर असे वेगवेगळे रंग बसवले गेले. तो तक्ता बनवायला तिथल्या लोकांना वर्षं लागली, तेव्हा पहिल्या महिन्यात चाळीस बाटल्या घेऊन काही साधत नाही.

तेल

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून जे मिळतं ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे पेट्रोलियमचं. ब्रश धुवायला ते चालतं. पण जाड तेल बनवायला झाडाच्या डिंकाचं, म्हणजे गम टर्पेंटाइनच लागतं. ते चपट्या काचेच्या बशीत ओतून, मलमलचं फडकं बांधून काही आठवडे ठेवलं की मधासारखं दाट होतं. यालाच फॅट ऑइल म्हणतात. मिनरल टर्पेंटाइन नुसतं उडून जातं, मागे काही उरत नाही.

शिकणाऱ्याला मात्र न सुकणारं माध्यम जास्त सोयीचं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि दर दहा थेंबांना एक थेंब लवंग तेल. यात कालवलेला रंग झाकणाच्या डब्यात कित्येक दिवस मऊ राहतो आणि बशीवरही दिवसभर पुसता-सुधारता येतो. एप्रिल-मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर, टर्पेंटाइनवर केलेलं काम ब्रश उचलेपर्यंत आवळतं. त्या दिवसांत पॅराफिनला पर्याय नाही. त्याचा तोटा एकच: ते सुकत नाही, त्यामुळे धूळ ओढून घेतं. काम थांबवलं की बशीवर मोठा स्टीलचा डबा पालथा घाला आणि पंखा बंद ठेवा. धुळीचा एकेक कण भाजल्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होऊन कायमचा राहतो.

कालवताना पाव छोटा चमचा पूड जाड काचेच्या तुकड्यावर घ्या. मधे खळगा करून तेल थेंब-थेंब टाका, चार-पाच थेंबांत काम होतं. पॅलेट नाइफने दाबून, आठाच्या आकड्यात पाच मिनिटं घोटा. सुरीखाली करकर थांबली पाहिजे. तयार रंग टूथपेस्टएवढा घट्ट असावा आणि सुरीने उभं केलेलं टोक पडू नये. टोक पसरलं तर तेल जास्त झालं, आणखी पूड घाला. तेल जास्त झालेला रंग भट्टीत उकळून फोड आणतो, त्या जागी बशी खडबडीत लागते.

सुकी पूड हाताळताना एन-९५ मास्क लावा आणि सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. ब्रशचं टोक ओठांनी नीट करायची सवय असेल तर ती आजच सोडा. स्वयंपाकघरातला खलबत्ता, चमचा, ओव्हन यांतलं काहीही इथे आणायचं नाही.

रंगांची पट्टी

फूल काढण्याआधी एक टाइल वाया घालवा. प्रत्येक रंगाचा एक फटकारा, एका टोकाला दाट आणि दुसऱ्याला विरत गेलेला. शेजारी रंगाचा नंबर काळ्या रंगाने लिहा, कारण पेन्सिल आणि मार्कर भट्टीत उडून जातात. मग दुसऱ्या टाइलवर पिवळ्याचे आडवे पट्टे आणि लोखंडी लालाचे उभे पट्टे एकमेकांवरून न्या आणि दोन्ही भाजा.

दुसऱ्या टाइलवर जे दिसेल तो या कलेतला पहिला धडा. लाल नुसत्या झिलईवर तजेलदार असतो, पिवळ्यावरून गेलेल्या चौकटीत फिका, मळका किंवा जवळपास नाहीसा. पिवळ्यातला फ्लक्स लोखंडाचं ऑक्साइड विरघळवून टाकतो. कागदावर पिवळ्यावर लाल म्हणजे नारिंगी, इथे नाही. हात कितीही चांगला असला तरी भट्टीचं हे गणित माहीत नसेल तर चित्र फसतं, म्हणून सरावासाठी कर्डईचं फूल निवडलं आहे. उमलताना पिवळं आणि वाळत जाताना नारिंगी-लाल, म्हणजे नेमके न पटणारे दोन रंग शेजारी. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत परभणी, बीड, लातूरकडे बांधावर उभं राहून ते समोरून बघता येतं, फोटोवर विसंबावं लागत नाही.

फूल, तीन फायरिंगमध्ये (भट्टीतल्या भाजण्यांत)

सात इंचांची साधी पांढरी बशी घ्या. साबणाने धुवा. बोअरच्या पाण्याचे क्षार सुकल्यावर पांढरट थर धरतात आणि त्यावर रंग नीट बसत नाही. म्हणून पातळ व्हिनेगरने पुसून, आरओचं पाणी मारून, शेवटी सुती कापडावर स्पिरिट घेऊन पुसा. यानंतर रंगवायच्या जागेला बोट लावू नका.

झिलईवर पेन्सिल उमटत नाही. टर्पेंटाइनचा अगदी पातळ हात फिरवून वाळू द्या, मग साधी पेन्सिल चालते. देठ मधोमध घेऊ नका, बशीच्या कडेकडून आत वळवा. बोंडाखालच्या काटेरी पानांची चढती वर्तुळं आधी मांडा आणि त्यातून वर आलेला पाकळ्यांचा गुच्छ नंतर. या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक असतात. झेंडूसारख्या रुंद काढल्या की फूल ओळखू येत नाही.

पहिल्या फायरिंगला फक्त दोन रंग. पानांना पिवळसर हिरवा, चपट्या ब्रशने, इतका पातळ की खालचं पांढरं झळकलं पाहिजे. उजेडाच्या जागा कोरड्या, स्वच्छ ब्रशने उचलून घ्या. कापसाचा बोळा नको, त्याचे धागे चिकटतात. गुच्छात पिवळा लावा, पण जिथे लाल येणार आहे तिथे झिलई कोरी सोडा. दर तीन पिवळ्या रेघांमागे एक कोरी रेघ, बाहेरच्या बाजूला कोऱ्या जास्त. पिवळ्याचा हात पुढे गेलाच तर टूथपिकला टर्पेंटाइन लावून रेघ पुन्हा उघडी करा. ही बशी ८०० अंशांना भाजा.

दुसऱ्या फायरिंगला पानांची सावली गडद हिरव्याने आणि जराशा जांभळट करड्याने द्या. रंग ओला असतानाच बाभळीच्या काट्याने पानाच्या कडेचे काटे बाहेरच्या दिशेला ओढा. काटा ओला रंग तेवढा खरवडतो आणि खालचा, आधी भाजलेला फिका हिरवा उघडा पडतो, म्हणजे काटे वेगळे रंगवायला लागत नाहीत. बाभळीचा काटा टूथपिकपेक्षा बारीक आणि कडक, त्याची रेघ तुटत नाही. गुच्छाच्या तळाशी तपकिरीची बारीक सावली. ७८० अंश.

तिसऱ्या वेळी लाल. सगळ्यात बारीक, लांब केसांच्या लायनर ब्रशने सोडलेल्या कोऱ्या रेघा भरा. नारिंगीसाठी पिवळा मिसळू नका: लोखंडी लालच पातळ लावला की तो आपोआप नारिंगीकडे झुकतो. टोकाला दाट, मुळाशी पातळ. फायरिंग ७४० च्या आसपास, त्याहून वर हा लाल उडायला लागतो. म्हणूनच तो शेवटी. उलट क्रम लावला, आधी लाल आणि मग हिरव्यासाठी ८००, तर दुसऱ्या दिवशी भट्टीतून फिकं तपकिरी फूल बाहेर येतं.

बाजारात कॅडमियम-सेलेनियमचा भडक लालही मिळतो. तो आणखी लहरी: दुसऱ्या कोणत्याही रंगात मिसळला, किंवा सुरीला आधीचा रंग नुसता लागलेला असला, तरी काळपट पडतो. त्याला वेगळी सुरी आणि वेगळा ब्रश ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

दोन फायरिंगच्या मधे बशीवरून बोट फिरवा. खरखर लागली तर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच घासा, धुवा, स्पिरिटने पुसा. भाजून पक्का झालेला रंग पुढे पुसता येत नाही, फक्त त्यावर भर घालता येते. त्यामुळे प्रत्येक वेळी कमीच लावा. जाड थर हा हौशी कामातला नेहमीचा रोग: थंड होताना रंग आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात आणि जाड रंग झिलईचा कपचा घेऊन उडतो. तो कपचा भरून येत नाही.

भट्टी आणि वीज

आठ-नऊ इंचांची पोकळी असलेली छोटी इलेक्ट्रिक भट्टी २ ते २.५ किलोवॅट घेते आणि घरगुती सिंगल फेजवर चालते. २.५ किलोवॅटला २३० व्होल्टवर साधारण ११ अँपिअर लागतात, तेही सलग पाच-सहा तास. म्हणून १६ अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट, स्वतःची एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घ्या. काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला बादलीभर पाणी घालत जा.

खरी अडचण विजेच्या दाबाची. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर भट्टीला ६८ टक्केच शक्ती मिळते. २.५ किलोवॅटची भट्टी १.७ ची होते आणि सातशेच्या आसपास अडखळते. शेतीपंप चालू असताना भट्टी लावू नका, गावच्या लाइनवर रात्री उशिरा दाब बहुधा बरा असतो. कंट्रोलरचा आकडा खरा मानून थांबू नका, आत त्या फायरिंगच्या तापमानाला जुळणाऱ्या नंबरचा पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, बशीजवळ उभा करा. कोन वाकला तर खरोखर पुरेशी उष्णता लागली. रेंगाळत चढलेली भट्टी त्याच आकड्याला जास्त भाजते, हे कोनमुळेच कळतं.

न सुकणाऱ्या माध्यमातलं काम भट्टीत ठेवण्याआधी वेगळ्या ठेवलेल्या ओटीजीमध्ये (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) १५० अंशांना अर्धा तास वाळवा, म्हणजे हाताळताना पुसलं जात नाही. बुडाची कडी आणि मागची बाजू स्पिरिटने पुसा, तिथला रंगीत ठसाही पक्का होतो. रंगवलेल्या बाजू एकमेकींना लागू देऊ नका, बोटभर अंतर ठेवा.

पहिल्या टप्प्यात ताशी सुमारे १०० ते १५० अंश या वेगाने ५०० पर्यंत न्या. तोवर दार किंवा झाकण इंचभर उघडं आणि खोलीच्या खिडक्या सताड उघड्या, कारण तेल जळून धूर येतो. हा धूर आत कोंडला तर रंग मंद, धुरकट राहतात. वास थांबला की झाकण लावा, ठरलेल्या तापमानाला पोचवा, दहा मिनिटं धरा आणि बंद करा. मग रात्रभर हात लावायचा नाही. आतलं तापमान शंभरच्या खाली आल्याशिवाय उघडलं तर टणकन आवाज येतो आणि बशीला मधून कडेपर्यंत तडा जातो.

मधेच वीज गेली तर? चारशेच्या आत गेली असेल तर आल्यावर पुढे चालू करा. त्याच्यावर गेली आणि डीपीच (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला म्हणून वायरमनची वाट बघावी लागणार असेल, तर भट्टी बंद ठेवून पूर्ण थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावा. अर्धवट भाजलेला रंग पुन्हा भाजल्याने बिघडत नाही. बिघडतं ते ‘बघू तरी’ म्हणून झाकण उचलल्याने. इन्व्हर्टरवर भट्टी चालत नाही.

भांडं बाहेर काढल्यावर काय कुठे चुकलं ते असं ओळखा. सगळेच रंग मंद आणि नखाने खरवडले जात असतील तर ताप कमी पडला, पुन्हा भाजा. लाल तेवढा उडाला, बाकी चकचकीत, तर ताप जास्त. गुलाबी विटकरी दिसला तर कमी, जांभळ्याकडे गेला तर जास्त. बारीक फोड म्हणजे तेल जास्त किंवा चढण घाईची.

सोन्याची कड आणि वापर

कडेला सोनं लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, वेगळ्या फायरिंगला, बाटलीवर लिहिलेल्या तापमानाला. लिक्विड ब्राइट गोल्ड लावताना तपकिरी काढ्यासारखं दिसतं, भाजल्यावरच पिवळं होतं. थर पातळ पडला तर जांभळा डाग उरतो, जाड पडला तर पापुद्रा सुटतो. बोटाला लागलेलं सोनं बशीच्या कोऱ्या भागावर उमटलं तर तो जांभळट ठसा जात नाही, म्हणून सोन्याचं काम झाल्यावर, भाजण्याआधी, सोनं लावलेली जागा सोडून बाकीची बशी पुन्हा स्पिरिटने पुसा. सरळ कड हवी असेल तर बशी फिरत्या चाकावर मधोमध बसवा, ब्रश एका जागी टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. पैठणीच्या काठासारखी असावली वेल कडेने फिरवायची असेल, तर ती तिसऱ्या फायरिंगलाच बारीक काळ्याने काढून मग वर सोनं भरा. सोन्याची बशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात.

रंगवलेल्या बाजूवर जेवण वाढायचं नाही. लेड-फ्री लिहिलेलं असलं तरी आंबट पदार्थ, लोणचं, चिंचेची चटणी, रंगातले धातू ओढून काढतात. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक ॲसिड २४ तास ठेवून हे तपासतात. घरी रात्रभर लिंबाची फोड ठेवून रंग मंद पडला तर तो नीट भाजला गेला नाही एवढंच कळतं. मंद नाही पडला म्हणून बशी जेवणाला सुरक्षित ठरत नाही. कप रंगवताना ओठ लागतो ती वरची दोन सेंटिमीटर पट्टी कोरी ठेवा आणि आतून काहीच रंगवू नका.

शेवटच्या फायरिंगआधी बशीच्या मागे काळ्या रंगाने बारीक अक्षरात सही, वर्ष, वापरलेल्या रंगांचे नंबर आणि तिन्ही तापमानं लिहा. जोडीची दुसरी बशी करायची वेळ आली की वही शोधावी लागत नाही.